वाढलेलं रक्त

आमच्या घरात माणसाची तब्येत पापणीवरून ठरायची. सासूबाई येताजाता कुणालाही थांबवायच्या, अंगठ्याने खालची पापणी ओढायच्या, आतली कड किती लाल आहे ते बघायच्या आणि निकाल जाहीर करायच्या. भाजी निवडता निवडता उठल्या असल्या तर अंगठ्याला कोथिंबिरीचा वास यायचा. मी पॅथॉलॉजीची डॉक्टर. डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर माझी लॅब होती आणि दिवसभर मी लोकांचं रक्तच बघत असायची. तरी घरातला शेवटचा शब्द त्या अंगठ्याचा होता, आणि खरं सांगायचं तर तो अंगठा फारसा चुकायचा नाही.

माझी पापणी लग्न झालं तेव्हाच पास झाली होती. धाकट्या जावेची कधीच झाली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी माझ्या दिराने कळव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी पसंत केली. सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यांनी आकांडतांडव वगैरे काही केलं नाही, लग्नात शालू नेसून हौसेने मिरवल्या. पण बोलण्यात ती मुलगी सून काही झाली नाही. मी 'आमची मोठी' आणि ती 'कळव्याची'. "कळव्याची उठली का?", "कळव्याचीने आज भाकऱ्या चांगल्या केल्या." त्यात दुष्टपणा नव्हता, जिभेला तसं वळण पडलं होतं. तरी ऐकताना बोचायचं. मला बोचायचं, तर तिला काय होत असेल.

ती फिकट होती हे खरंच होतं. लहानपणापासून तशीच. हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास, ना वर ना खाली. लोहाच्या गोळ्या दिल्या की पोट बिघडायचं, मग ती त्या गुपचूप बंद करायची. सासूबाईंनी तिचं रक्त वाढवणं हे जणू व्रतच घेतलं. बीट, खजूर, लोखंडी कढईतली पालेभाजी, भिजवलेले मनुके, अळिवाचे लाडू. दर महिन्याला तिला हाताला धरून माझ्या लॅबमध्ये आणायच्या आणि "बघ गं, वाढलं का" म्हणून समोर बसायच्या. दर महिन्याला उत्तर तेच. मी वैतागायची. म्हटलं, आई, काही माणसं अशीच असतात, तिला सारखं टोचू नका. त्यावर त्यांचं म्हणणं, टोचायला तुझं काय जातं, तुझी तर लॅबच आहे.

तिकडे कळव्याला तिच्या आईने वेगळंच निदान केलं होतं. ही बाई खाडीतली ताजी मासळी विकायची, सडसडीत आणि तडफदार. तिच्या मते पोरगी घासफूस खाऊन सुकत चालली होती. मग ती दर आठवड्याला निवट्यांचं कालवण पाठवायची. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे, अंगात ताकद यायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही अशी तिकडे ठाम समजूत. तो डबा आमच्या उंबरठ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. म्हणून तो माझ्या लॅबच्या फ्रीजमध्ये राहायचा, रक्ताच्या बाटल्यांच्या वरच्या कप्प्यात, आणि जाऊबाई दुपारी खाली येऊन माझ्या टेबलाशी बसून जेवायची. असं करू नये हे मला माहीत होतं. पण तिचा तो जेवतानाचा चेहरा बघितला की मला नियम आठवायचे नाहीत. सासूबाईंना हे माहीत होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मी एकदाही सांगितलं नाही.

तर अशी दोन्ही बाजूंनी तिच्या हिमोग्लोबिनवर पैज लागली होती. वाढलं तर बिटाचं यश की निवट्यांचं, हे ठरायचं होतं. ते वाढतच नव्हतं, म्हणून तंटा मिटत नव्हता.

आमच्याकडे नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मीची पूजा असते. नव्या सुनेने लग्नानंतरची पहिली पाच वर्षं ही पूजा करायची. तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा करतात, सोळा पदरी दोऱ्याला गाठी मारतात, आणि त्या दिवशी ती सून घरातली मानाची असते. जाऊबाईंच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी काहीतरी सबब काढून ती टाळली होती. दीर रुसला, मी बोलले, सासूबाईंनी विषय बदलला. दुसऱ्या वर्षी मात्र गणपती उठल्याबरोबर त्यांनी स्वतःहून सांगितलं की यंदा अष्टमीला कळव्याची बसेल. जाऊबाईंनी ते ऐकून नुसतं "बरं आई" म्हटलं, आणि नंतर ती खाली लॅबमध्ये येऊन रडली. त्या पूजेसाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. पुढे जे झालं ते कळायला एवढं लक्षात ठेवायला हवं.

नवरात्र बसलं आणि तिला ताप आला. साधासुधा नव्हे. अंग भट्टीसारखं, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि हाडं कुणीतरी पिळतंय असं ती म्हणत होती. त्या वर्षी आमच्या भागात असे ताप बरेच होते. नळाला पाणी बेभरवशाचं, त्यामुळे गॅलरीगॅलरीत पिंपं भरलेली, आणि त्या स्वच्छ पाण्यात वाढून भरदिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास. मला डेंग्यूचा संशय पहिल्या दोन दिवसांतच आला. त्याची तपासणी तेव्हा मुंबईला पाठवावी लागायची आणि उत्तर यायच्या आत प्रकरण निकालात निघालेलं असायचं, या बाजूला नाहीतर त्या. मी नमुना पाठवला, तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, ॲस्पिरिन घरातून हद्दपार केलं आणि रोज तिच्या पेशी मोजत राहिले. प्लेटलेट उतरत होत्या, पण घाबरण्याइतक्या नव्हत्या.

सासूबाईंना मी बजावलं होतं की ताप उतरेल त्या दिवशी मला आधी सांगा, ताप असतानापेक्षा तो उतरताना जास्त जपायचं असतं. त्यांनी मान डोलावली. ही मान मला ओळखता यायला हवी होती. ताप उतरल्यावर काय करायचं हे आपल्याकडे सगळ्यांना आईच्या पोटातून माहीत असतं. ताप गेला म्हणजे दुखणं गेलं. अंगावरून ऊन पाणी घ्यायचं, धुतलेले कपडे घालायचे, देवापुढे दिवा लावायचा आणि मऊ भात जेवायचा. यात डॉक्टरला कळवण्यासारखं काय असतं?

ताप उतरला तो नेमका अष्टमीच्या सकाळी. मी त्या वेळी ठाण्याला माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये होते, आठवड्यातून दोन सकाळी तिथे जायची. इकडे घरात देवी पावल्याचा आनंद. जाऊबाईंनी न्हाऊन घेतलं, लग्नातली जरीची साडी नेसली. सासूबाईंनी सवयीने पापणी ओढली आणि त्यांचा विश्वास बसेना. आतली कड लालबुंद होती. त्या तिला तशीच जिना उतरवून लॅबमध्ये घेऊन गेल्या आणि तिथल्या मुलीला म्हणाल्या, हिचं रक्त बघ. तिने सांगितलं तेवढंच बघितलं. हिमोग्लोबिन पावणेतेरा.

दुपारी मी घरी आले तर दारातच माझ्या हातावर पेढा. सासूबाईंच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. दोन वर्षांची मेहनत फळाला आली होती. कळव्याला शेजाऱ्यांकडे फोन करून विहीणबाईंना कळवूनही झालं होतं, आणि विहीणबाई कालवणाचा विजय साजरा करायला निघाल्याही होत्या. मी अर्धा पेढा तोंडात घालता घालता आकडा ऐकला आणि थांबले. साडेनऊचं पावणेतेरा एका आठवड्यात होत नाही. तापात, अर्धपोटी असलेल्या बाईचं तर नाहीच नाही. बीट, निवटे आणि महालक्ष्मी तिघं मिळून कामाला लागले असते तरी नाही.

आत गेले. ती पाटावर बसली होती, समोर देवीचा मुखवटा, हातात दोरा. गाठी मारत होती, पण बोटं चालत नव्हती. गॅलरीचं दार उघडं, डोक्यावर पंखा, आणि कपाळावर घामाचे थेंब. मी मनगट धरलं तर ते ओल्या फडक्यासारखं गार. नाडी पळत होती आणि बोटाखाली जेमतेम लागत होती. पोटात दुखतंय का विचारलं, तर तिने सासूबाईंकडे बघितलं आणि मान हलवली, नाही म्हणून. मी पोटावर उजवीकडे हात ठेवला तशी ती कळवळली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, एवढी पूजा होऊ दे. मग नेशील तिथे येते."

मला तिचा इतका राग आला, आणि सासूबाईंचा, आणि त्या उकडीच्या देवीचासुद्धा, की माझा आवाज चढला. मी तिला तिथेच जमिनीवर आडवं केलं, रक्तदाब घेतला. वरचा आणि खालचा आकडा एकमेकांना खेटले होते. यानंतर वरचा आकडा कोसळतो, आणि तो कोसळला की हातात फार वेळ राहत नाही. मी दिराला रिक्षा आणायला पिटाळलं.

सासूबाई आडव्या आल्या. त्यांचं चुकत नव्हतं. ताप नाही, तोंडावर तजेला, रक्त वाढलेलं, स्वतः न्हाऊन पूजेला बसलेली मुलगी, आणि ही थोरली तिला नैवेद्याच्या आधी उचलून दवाखान्यात नेते. त्यांनी मला स्पष्ट विचारलं, रक्त वाढलंय ना? मग कशाला? मी पुस्तकातलं काही सांगितलं असतं तर त्या अडून बसल्या असत्या. स्वयंपाकघरात नैवेद्याचं वरण गॅसवर होतं, त्याचा वास येत होता. मी म्हटलं,

"आई, वरण तसंच गॅसवर ठेवलं तर घट्ट होतं ना? डाळ वाढते का त्यात? हिचं रक्त वाढलेलं नाही. पाणी आटलंय."

त्या मग आत गेल्या, गॅस बंद केला, आणि पदर खोचून बाहेर आल्या. पूजेचं काय, असं दिराने विचारलं तर म्हणाल्या, देवीला घाई नाही. रिक्षात जाऊबाईचं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसल्या.

आमच्याजवळच्या नर्सिंग होमचा डॉक्टर माझ्या कॉलेजातला, मला ज्युनिअर. हुशार मुलगा. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, मॅडम, हिमोग्लोबिन तर मस्त आहे. त्याचंही चुकलं नव्हतं. पावणेतेरा हा कुठल्याही बाईचा उत्तम आकडा. मी म्हटलं, हिचं साडेनऊ असतं, गेली दोन वर्षं, दर महिन्याला बघितलंय. त्याचा चेहरा बदलला. त्याने लगेच सलाईन लावलं आणि बाटली भरभर सोडली. मला तेव्हाच एक गोष्ट कबूल करावी लागली. दर महिन्याला सासूबाईंनी त्या पोरीला टोचायला लावलं नसतं, तर तिचा नेहमीचा आकडा कुणाला माहीत असता? चांगला रिपोर्ट बघून आम्ही तिला घरी पाठवलं असतं.

मी लॅबमधून माझं यंत्र मागवून घेतलं आणि नर्सिंग होमच्या एका कोपऱ्यात ठेवलं. बोटाला टोचून काचेच्या बारीक नळीत रक्त घ्यायचं, नळी यंत्रात गरागरा फिरवायची. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. तिच्या पहिल्या नळीत तांबडा भाग वर सरकला होता आणि पिवळा अगदी थोडा उरला होता. डोळ्यांना दिसत होतं की रक्तातलं पाणी कुठेतरी निघून गेलंय. कुठे, तेही कळत होतं. पोट फुगायला लागलं होतं आणि उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी श्वास ऐकू येत नव्हता. पाणी तिच्याच अंगात होतं, फक्त रक्तवाहिन्यांच्या बाहेर.

एवढ्यात विहीणबाई आल्या. हातात कालवणाचा डबा, अंगावर सणाचं लुगडं. आमच्या घरी कुलूप बघून, शेजाऱ्यांना विचारून इथपर्यंत पोचल्या होत्या. मुलीला बघून त्या ओरडल्या नाहीत. डबा बाकावर ठेवला आणि माझा दंड धरला.

"डाक्टरीणबाय, मना खरा सांग. ताप तं गेलाय. मंग माजे पोरीचे अंगान काय घुसलाय?"

मी त्यांना बाकावर बसवलं, सासूबाई पलीकडे होत्याच. दोघींना सांगितलं की घुसलेला होता तो जवळजवळ निघून गेलाय. आता जो धिंगाणा चाललाय तो घरच्यांचाच. कोळीवाड्यात चोर शिरला अशी आरोळी ठोकली तर काय होतं, मी विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, सगळा वाडा वल्ही घेऊन बाहेर पडतो. आणि अंधारात चोर पळून गेला तरी? तरी वल्ही चालतातच, त्यांनी सांगितलं, एकदा त्यांच्याच घराची कुडाची भिंत त्यात आडवी झाली होती. मी म्हटलं, तेच. शरीर विषाणूला मारायला उठतं, पेशी एकमेकींना हाका मारतात, त्या हाका रासायनिक असतात, आणि त्या जास्त झाल्या की रक्तवाहिन्यांच्या भिंतीच सैल पडतात. आतलं पाणी झिरपून बाहेर जातं. हे ताप उतरता उतरता सुरू होतं, म्हणून फसायला होतं.

मग हिलाच का एवढं, असं सासूबाईंनी विचारलं. आमच्या इमारतीत तोच ताप चौघांना आला होता आणि चौघं हिंडत फिरत होते. मी विहीणबाईंना विचारलं की हिला पूर्वी असा ताप आला होता का. आला होता. लग्नाच्या आदल्या वर्षी, हाडं पिळणारा, अंगावर लाल पुरळ. त्यांनीच काढे देऊन बरी केली होती. मग माझा सगळा हिशोब लागला. हा ताप चार भावांचा आहे, एकाच विषाणूच्या चार जाती. एक भाऊ येऊन गेला की शरीर त्याला जन्मभर विसरत नाही. पण दुसरा भाऊ आला तर चेहरा ओळखीचा वाटतो, जुने पहारेकरी धावून त्याला धरतात, धड अडवू शकत नाहीत, उलट त्याला हाताला धरून पेशींच्या आतच नेऊन सोडतात. मग आरोळी दुप्पट मोठी. त्या काळात हे सगळ्या तज्ज्ञांना मान्य नव्हतं, पण समोरच्या मुलीला बघून मला शंका उरली नव्हती.

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पहिला ताप त्यांच्या घरचा होता ना. सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, दुसरा आमच्या पिंपातला, विहीणबाई.  दोघींनी दोन वर्षांत एकमेकींशी केलेलं हे पहिलं सरळ बोलणं असावं.

दुपारभर मी नळ्या फिरवत राहिले. डॉक्टर सलाईन कमीजास्त करत राहिला. इकडे बातमी पसरली होती आणि कोळीवाड्यातले आठदहा धट्टेकट्टे पुरुष बाह्या वर करून रक्त द्यायला हजर झाले. तिच्या हिरड्यांतून थोडं रक्त येत होतं, ते बघून तर त्यांनी आमच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. पोरीला रक्ताची गरज आणि ही डॉक्टरीण मिठाचं पाणी चढवते. एकजण म्हणाला, मिठाचं पाणी तर खाडीत फुकट आहे. मला हसू आलं, पण त्याला मी नीट सांगितलं की आत्ता रक्त दिलं तर घट्ट आहे ते आणखी घट्ट होईल, तुम्ही चहा प्या आणि इथेच थांबा, लागलं तर पहिलं तुमचंच घेईन. ते थांबले. त्यांचा आधार वाटला मला.

दिराने मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनी, शरीरच हे करतंय तर शरीराला गप्प करायचं इंजेक्शन नाही का? चांगला प्रश्न होता. असं औषध असतं, आणि ते देऊन बघितलेलं होतं, पण त्याने या आजारात फरक पडल्याचं कुणाला दिसलं नव्हतं. हा दंगा आपोआप थांबतो, दीडदोन दिवसांत भिंती पुन्हा घट्ट होतात. तोपर्यंत रक्तवाहिन्या रिकाम्या पडू द्यायच्या नाहीत. कमी पाणी दिलं तर हृदय कोरडं चालतं, जास्त दिलं तर छातीत साचतं. म्हणून हा सगळा खेळ मोजून करायचा. हे मला येत होतं. मी त्या दिवशी घाबरले नव्हते असं नाही, पण मला काय करायचंय याबद्दल मनात गोंधळ नव्हता.

दिवेलागणीला मी पुन्हा नळी फिरवली. तांबडा भाग खाली आला होता. हिमोग्लोबिन अकराच्या आत. मनगट हातात घेतलं तर ते कोमट लागलं, आणि नाडी बोटाला भरून लागत होती. मी बाहेर येऊन आकडा सांगितला तर पुरुषांमागोमाग आलेल्या कोळीवाड्यातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. रक्त उतरलं. एक म्हातारी तर रडायलाच लागली. मी काही बोलणार, तोच सासूबाई उठल्या आणि त्या सगळ्यांना समजावू लागल्या. "रडताय काय? आटलेलं वरण पुन्हा सारखं झालंय." मग त्यांना डाळ, पाणी आणि गॅस हे सगळं पहिल्यापासून सांगितलं, इतकं छान की मी शिकवायला बसले असते तर मला जमलं नसतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्या पर्समध्ये दुपारचा उरलेला अर्धा पेढा आहे. तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून डॉक्टरने सलाईन कमी केलं, मग बंद. त्यावरही कुरकुर झाली. पण बाहेर गेलेलं पाणी आता परत येऊ लागलं होतं, आणखी देणं धोक्याचं होतं. तिला भराभर लघवीला होऊ लागली, पोट ओसरलं, आणि तिने पहिली गोष्ट सांगितली ती भूक लागल्याची. विहीणबाईंनी डब्याकडे बघितलं. तो कधीच आंबला होता. सासूबाईंनी घरून मऊ भात आणि पातळ वरण आणलं होतं, ते विहीणबाईंनी तिला भरवलं.

मुंबईचा रिपोर्ट दसऱ्यानंतर आला. डेंग्यू. तो वाचून मी फाइलमध्ये लावला. त्याच आठवड्यात सासूबाईंनी गॅलरीतली पिंपं रिकामी करून घासली, झाकणं करून घेतली, आणि नंतर दर रविवारी मजल्यावरच्या सगळ्या गॅलऱ्यांत जाऊन लोकांची पिंपं तपासायचा उद्योग सुरू केला. शेजारी कंटाळले, पण त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. कालवणाचा डबा मात्र वर आला नाही. तो माझ्या फ्रीजमध्येच राहिला. फरक एवढाच की आता सासूबाई जिन्यातून जाऊबाईला हाक मारून सांगायच्या, तुझा डबा आलाय, आधी खाऊन ये.

दिवाळीच्या तोंडावर जाऊबाई पुन्हा चकल्या वगैरे करायला उभी राहिली. मी सकाळी खाली तिचं रक्त बघितलं. साडेनऊ. वर येऊन आकडा सांगितला तेव्हा सासूबाई सोऱ्यात पीठ भरत होत्या. त्यांनी हात पुसले, उठल्या, जाऊबाईला खिडकीच्या उजेडात नेलं आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. खूप वेळ बघत राहिल्या. जाऊबाई अवघडून उभी होती, नेहमीचं बोलणं ऐकायच्या तयारीत.

सासूबाईंनी पापणी सोडली आणि तोच पिठाचा अंगठा तिच्या गालावरून फिरवला. 

"फिकट आहे," त्या म्हणाल्या. "आपलीच आहे."